फळ्यावरचा शेवटचा बिल्ला

कीटकनाशकाच्या प्रत्येक खोक्यात घडी घातलेला एक कागद असतो. पतंगाच्या कागदासारखा पातळ. उघडायला गेलं की घडीवर फाटतो आणि पुन्हा कधी पहिल्यासारखा मिटत नाही. त्यावर दहा-बारा भाषांत एकच मजकूर असतो: किती मिसळावं, कशात मिसळावं, अंगावर सांडलं तर काय करावं. त्यातला मराठी मजकूर गेली बरीच वर्षं मी लिहिते. अक्षर मुंगीच्या पायाएवढं, आणि ज्यानं वाचायचं त्याचे हात नेमके तेव्हा ओले. वाचक नसलेल्या लेखकांची यादी कुणी केली, तर माझं नाव पहिल्याच पानावर येईल.

त्यामुळे दुर्गहून सुमनताईचा फोन आला आणि इथे एक गृहस्थ तुझा कागद वाचतात, त्यांना तुला काही विचारायचंय, असं ती म्हणाली, तेव्हा मला आनंदाआधी धसकाच बसला. सुमनताई माझी मावसबहीण. लग्न होऊन दुर्गला गेली, ती तिथलीच झाली. तिच्या सासरची मंडळी तीन पिढ्यांपासून तिथं आहेत. घरात मराठी स्वयंपाकघरात चालते, ओसरीपासून पुढे हिंदी. त्या गृहस्थांचं नाव लांजेवार. पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले, आता एका लावलेल्या जंगलात फवारणीच्या कामावर देखरेख करतात. त्यांचा प्रश्न ताईनं वाचून दाखवला: काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत असं तुम्ही लिहिलं आहे. जंगलात साबण कोण नेतो? खोक्यातच कावून नाही देत?

दसरा आटोपला होता, दिवाळीला वेळ होता, म्हणून उत्तर न घेताच मी निघाले.

दुर्ग आणि भिलाई

दुर्ग संपतं कुठे आणि भिलाई सुरू होते कुठे हे मला चार दिवस कळलं नाही. पाचव्या दिवशी कळलं, की झाडांच्या रांगा सरळ व्हायला लागल्या की भिलाई. कारखान्याची वसाहत पट्टीनं आखलेली आहे. पुण्यात पत्ता सांगताना आपण मिठाईचं दुकान, मारुतीचं देऊळ आणि एखादा वादग्रस्त बोळ यांच्या आधारानं जातो. इथे सेक्टर, रस्ता, क्वार्टर असे तीन आकडे सांगितले की माणूस दारात. मी आकड्यांत कच्ची असल्यामुळे पहिल्याच दिवशी एका अनोळखी घरी जाऊन चहा पिऊन आले. घर तेलुगू कुटुंबाचं होतं. त्यांनी चूक सांगितली, पण चहा झाल्यावर.

संध्याकाळी ताई मला स्कूटरवर बसवून सिविक सेंटरला घेऊन गेली. तिथे 'आलूगुंडा' नावाचा पदार्थ मिळतो. तो बटाटेवडाच आहे असं मी तीन आलूगुंडे खाऊन सिद्ध केलं. ताईचं म्हणणं, मसाला वेगळा आहे. हा वाद आमच्यात तिच्या लग्नापासून आहे आणि दोघींपैकी कुणालाही तो मिटवायचा नाही.

उतई

लांजेवार उतईला राहतात, भिलाईच्या दक्षिणेला. मूळचे भंडाऱ्याकडचे. विशीत कारखान्यात लागले, यंत्रांच्या दुरुस्तीत आयुष्य गेलं. उंच, किंचित वाकलेले, शर्टाच्या खिशाला दोन पेनं आणि एक भिंग. ते भिंग माझ्या मजकुरासाठी घेतलंय हे कळल्यावर मला त्यांना वाकून नमस्कार करावासा वाटला. जाड वहीत त्यांनी माझे निरनिराळे कागद चिकटवले होते, आणि समासात पेन्सिलीनं शेरे होते. एका ठिकाणी 'बरोबर'. दोन ठिकाणी 'हे कोणी करते का?'. मास्तरांकडून वही परत घेतानाची जुनी धडधड झाली.

त्यांच्या पत्नीनं एका ताटात पाटवडी आणि इडहर वाढलं. इडहर म्हणजे उडदाची डाळ लावून वाफवलेल्या अळूच्या पानांचे तुकडे, ताकाच्या कढीत सोडलेले. पाटवडी त्यांच्या माहेरची, इडहर शेजारणीनं शिकवलेलं. छत्तीसगढ आणि विदर्भ एका ताटात इतके शहाण्यासारखे वागताना मी पहिल्यांदा पाहिले.

साबणाच्या प्रश्नामागे एक गोष्ट होती, ती जेवताना कळली. इकडे गुडाखू म्हणून तंबाखूची काळी, गूळ घातलेली लापशी मिळते. बोटावर घ्यायची आणि दातांवर घासायची. पुरुष घासतात, बायकाही घासतात, दिवसातून कितीदा त्याला गणती नाही. फवारणी करणाऱ्यांच्या तोंडाला कपडा बांधा, हातमोजे घाला, सगळं ठीक. मोजे काढल्यावर तेच बोट गुडाखूच्या डबीत आणि तिथून तोंडात. लांजेवारांनी कामाच्या सकाळी प्रत्येकाची डबी जमा करून घ्यायची पद्धत पाडली. साबणानं कोपरापर्यंत हात धुतले की डबी परत. साबण ते स्वतः खिशातून नेतात. माझ्या कागदावर तंबाखूबद्दल 'काम करताना धूम्रपान करू नये' एवढंच आहे. इथे धूम्रपान कोणी करतच नाही. सगळे अगदी नियमानं वागून विष खात होते.

जेवण होत आलं तेव्हा मी विचारलं, हे सगळं तुम्हाला कुणी सांगितलं. त्यांनी भात कालवता कालवता आपल्या थोरल्या भावाची गोष्ट सांगितली. तो गोंदियाकडे एका राइस मिलमध्ये कामाला होता. पट्टा बंद करून आत हात घातला होता. बाहेरच्या माणसाला वाटलं, आत कोणी नाही.

"आत कोणी नसन, एवढंच म्हटलं त्यानं अन् बटन दाबलं," लांजेवार म्हणाले. "भाऊचा हात गेला. मी बारा वर्षांचा होतो. कारखान्यात आलो तेव्हा मले समजलं का याच्यावर इलाज आहे. दोन इंचाचा पत्रा."

दोन इंचाचा पत्रा म्हणजे बिल्ला. यंत्रात शिरणारा प्रत्येक माणूस आपल्या नावाचा बिल्ला बटनाच्या पेटीवर अडकवतो. बाहेर आला की स्वतःच्या हातानं काढतो. एक जरी बिल्ला राहिला तरी यंत्र सुरू करायचं नाही, आणि दुसऱ्याचा बिल्ला कुणी काढायचा नाही; साहेबानं नाही, मित्रानं नाही. लांजेवारांनी निवृत्त होताना हा नियम तेवढा कारखान्यातून बरोबर आणला आणि जंगलाला लावला.

खाणीवरचं जंगल

हे जंगल अहिवाऱ्याच्या बाजूला आहे. चुनखडी काढून झाल्यावर सोडून दिलेली जमीन, तिच्यावर झाडं लावून वीस-बावीस वर्षं झालेली. जुन्या खड्ड्यात पाणी साचून तळं झालंय, ते चुन्यामुळे दुधी हिरवं दिसतं. एका अंगाला साग, मध्ये करंज आणि शिसव, तळ्याच्या काठानं अर्जुनाची रांग. अर्जुनाला इकडे कौहा म्हणतात. जंगल म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे जे येतं त्यातलं इथे काही नव्हतं; झाडं शाळेच्या प्रार्थनेला उभी केल्यासारखी होती. पण दयाळ पक्ष्यांना कुणी हे सांगितलेलं दिसत नव्हतं. ते मनापासून गात होते.

फाटकाशी लाकडी फळा. त्यावर खिळे, खिळ्यांवर पत्र्याचे बिल्ले. गावातल्या बायका भाजीला, काटक्यांना, करंजाच्या शेंगांना रोज आत जातात. पुष्कळांना वाचता येत नाही, म्हणून बिल्ल्यांवर नावाऐवजी चित्रं आहेत, ज्यानं त्यानं स्वतः निवडलेली. कुणाचा मासा, कुणाचा विळा, कुणाची बस. मला रिकामा बिल्ला मिळाला आणि रंग. मी चष्मा रंगवला. त्याची सायकल झाली असं सगळ्यांचं मत पडलं.

या जंगलाच्या प्रमुख नेताम मॅडम. तिशीच्या, कांकेरकडच्या, कमी बोलणाऱ्या. सागाच्या पानांवर अळी आली होती. ती पानाचा हिरवा गर खाते आणि शिरा तेवढ्या शिल्लक ठेवते. उन्हात धरलं की पान जाळीच्या पडद्यासारखं दिसतं. मला वाटलं, आता लगेच औषध. मॅडमनी मला वीस झाडं फिरवली. प्रत्येक झाडाची पाच पानं उलटी करायची, जिवंत अळ्या मोजायच्या. काही अळ्यांच्या अंगावर तांदळाच्या कणीएवढे पांढरे कोश चिकटले होते. ते गांधीलमाशीच्या जातीतल्या, अळीला आतून खाणाऱ्या एका बारक्या किड्याचे. ही अळी मेल्यातच जमा, मॅडम म्हणाल्या, हिला आपण मारायची गरज नाही, आणि मारलं तर हिच्याबरोबर हा कोशातला आपला मजूरही मरतो. मोठा साग पानं गेली तरी मरत नाही, पुन्हा फुटतो. जपायचं ते रोपवाटिकेला. सागाच्या पट्ट्यात अळ्यांची संख्या हद्दीच्या जराशी वर होती, म्हणून एक फवारणी ठरली होती, तीसुद्धा आठवड्याभरानं आणखी एकदा मोजून.

शेवटी तळ्याकाठच्या अर्जुनाच्या रांगेत गेलो. तिथे केजाबाई भेटल्या. पन्नाशीच्या आतबाहेर, आखूड लुगडं, हातात गलोल. त्या कोसा पाळतात. कोसा म्हणजे टसर रेशीम. त्याचे किडे घरात टोपलीत वाढत नाहीत, उघड्यावर झाडावर वाढतात, आणि त्यांना कावळ्यांपासून राखायला दिवसभर झाडाखाली माणूस लागतो. ही गलोल त्यासाठी. किडे बोटाएवढे जाड, पोपटी, अंगावर चांदीच्या टिकल्या. खाताना त्यांचा आवाज येतो, सुकलेल्या पाचोळ्यावरून कुणी चवड्यांवर चालल्यासारखा. दहा-बारा दिवसांत कोश करतील, मग त्यांची भीती संपली. दीड महिना त्या या झाडांखाली बसल्या होत्या. वर्षाचं हे त्यांचं मोठं पीक. गेल्या खेपेला रोग पडून सगळं गेलं होतं, आणि यंदाही गेलं तर सून म्हणते ते ऐकून रायपूरला इमारतींवर माती वाहायला जायचं, असं त्यांनी पानं निरखत निरखत सांगितलं. माझ्या केसांना लावलेल्या तेलाचा वास येतो म्हणून त्यांनी मला तीन हातांवर उभं केलं होतं. लांजेवारांना त्या 'बबा' म्हणतात, म्हणजे आजोबा. वयात फार अंतर नाही, पण पद ते पद.

लांजेवारांचा हिशेब असा: पाण्यापासून तीस पावलं फवारायचं नाही, हा त्यांचा नियम आधीपासूनच. कोशाची झाडं त्या तीस पावलांतच येतात. शिवाय सकाळचा वारा तळ्याकडून सागाकडे वाहतो. आणि फवारणीला अजून दोन आठवडे होते, तोवर कोश उतरून घरी गेलेले असणार.

त्या दिवशी मी खूश होऊन ताईच्या घरी पोचले, चहा घेतला, आणि लांजेवारांचा फोन आला. तुमची सायकल फळ्यावर आहे. मी म्हटलं, काढून ठेवा ना. मग ते अत्यंत अदबीनं म्हणाले, उजेड आहे तोवर या. ताईनं स्कूटर काढली. जाऊन-येऊन दीड तास, एक पत्रा खिळ्यावरून उचलायला. लांजेवार फाटकाशी उभे होते. रागावले नाहीत, थँक्यू म्हणाले. परतताना ताई म्हणाली, आलूगुंडे तुझ्याकडे लागले.

प्रात्यक्षिकाचा दिवस

दोन दिवसांनी बातमी आली की तारीख अलीकडे ओढली आहे. रायपूरहून मोठे साहेब येणार, त्यांच्यासमोर सुरक्षित फवारणीचं प्रात्यक्षिक व्हायचं, आणि साहेबांना वेळ याच आठवड्यात होता. अळ्यांनाही हीच तारीख सोयीची आहे असं गृहीत धरलेलं असावं. गावाच्या कोतवालानं नियमाप्रमाणे दोन दिवस आधी गल्लीगल्लीतून मुनादी केली: अमक्या दिवशी दवा मारणार, जंगलात कोणी जाऊ नका, गुरं सोडू नका. लांजेवारांनी तारखेला हो म्हटलं. हो कसं म्हटलं, असं मी त्यांना विचारलंही. त्यांनी उत्तर द्यायच्या आधी चष्मा पुसला. वारा तळ्याकडूनच असतो, म्हणाले, अन् तीस पावलं सोडूनच राहिलो आपण.

मंडप घातला होता. खुर्च्यांना पांढरी वस्त्रं, त्यांवर नारिंगी फिती. सुरक्षिततेचे फायदे सांगणारा भोंगा इतका कर्कश होता, की जवळ उभ्या असलेल्यांच्या कानांची सुरक्षितता कुणीतरी पाहायला हवी होती. साहेब आले. पन्नाशीचे, हसरे, अत्तर लावलेले. त्यांच्यासाठी घडी न मोडलेला पांढरा संरक्षक पोशाख तयार होता. तो त्यांनी कपड्यांवरून चढवला आणि मुखपट्टी फोटोत तोंड दिसावं म्हणून हनुवटीवर ठेवली. आमच्या कौतुकाचा विषय असलेले खरे फवारणीवाले, चार जण, धुऊन विटलेल्या पोशाखांत कोपऱ्यात उभे होते. त्यांचे हात कोरडे, डब्या जमा.

दहा वाजता लांजेवार फळ्यापाशी गेले आणि परत आले. एक बिल्ला होता. त्यावर बदामाच्या आकाराचा, देठ असलेला कोश रंगवला होता.

सगळ्यांना वाटलं, केजाबाई माझ्यासारख्याच विसरल्या असणार. नेताम मॅडमनी गावात फोन लावला. घरचे म्हणाले, ती तांबडं फुटायच्या आत गेली. भोंगा बंद केला. मॅडम, लांजेवार आणि मी तळ्याकडे निघालो. वाटेत बांबूला बांधलेली कापडाची पट्टी होती, लांजेवारांचं वारा पाहायचं यंत्र. ते तिथे थांबले. पट्टी तळ्याकडे फडफडत होती. वारा त्या दिवशी सागाकडून पाण्याकडे वाहत होता. पुढे चालताना ते माझ्या मागे पडले.

केजाबाई आपल्या झाडाखाली मांडी घालून बसल्या होत्या. त्यांनी मुनादी ऐकली होती. म्हणूनच आल्या होत्या. मॅडमनी समजावलं की साहेब आलेत, थोडाच भाग फवारायचा आहे, तुम्ही बाहेर चला. केजाबाईंनी मॅडमकडे पाहिलंच नाही. त्यांचं बोलणं लांजेवारांशी होतं. तारीख बदलली तेव्हा मला विचारलं का, एवढंच त्यांनी विचारलं. किडे चार दिवसांत कोशाला लागतील. आज वाऱ्यावरून एक थेंब आला तर संध्याकाळपर्यंत सगळे फांदीवरून गळून पडतील. मी ओरडले तर कोण ऐकणार? म्हणून बिल्ला लावला.

"मोर बिल्ला ल मैं च हेरहूँ," त्या म्हणाल्या. "तोर नियम ए, बबा."

माझा बिल्ला मीच काढीन, नियम तुझाच आहे. लांजेवारांनी मान डोलावली, आणि आम्ही परत फिरलो.

मंडपात साहेबांचं हसू आता नुसत्या दातांवर राहिलं होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं: बाई तिकडे आहे, फवारा इकडे मारायचा आहे, फोटोवाले उन्हात उभे आहेत, आणि अडलंय काय, तर एक पत्रा. काढा. लांजेवारांचं काम वर्षाच्या करारावर आहे, आणि पुढच्या करारावर सही याच साहेबांची व्हायची होती. मंडपातल्या प्रत्येकाला हे माहीत होतं. लांजेवार हात पाठीमागे बांधून उभे होते.

"साहब, ये बिल्ला मेरा नहीं है," ते म्हणाले. "मैं नहीं निकालूँगा."

एका माणसानं उगाच खुर्चीची फीत सरळ केली. मग लांजेवार औषधाच्या खोक्यापाशी गेले, आतला कागद काढला, घडीवर फाटणार नाही असा उलगडला आणि माझ्यासमोर धरला. भिंग दिलं.

"तुमीच लिवलं न हे," ते मला म्हणाले. "मंग वाचा. शेवटून तिसरी ओळ."

मी वाचली. मराठीत, आणि मग साहेबांसाठी हिंदीत. हे औषध रेशीम किड्यांस अत्यंत घातक आहे. जेथे रेशीम किड्यांचे संगोपन चालते तेथे किंवा त्या दिशेने वारा वाहत असता फवारू नये. ही ओळ मी आयुष्यात कितीतरी वेळा लिहिली आहे. एका कागदावरून दुसऱ्या कागदावर उचलून ठेवली आहे, अगदी डोळे मिटून. रेशमाचा जिवंत किडा मी त्या आठवड्यात पहिल्यांदा पाहिला होता.

साहेबांनी कागद घेतला. भिंगही घेतलं. हिंदीतली ओळ स्वतः वाचायला त्यांना बराच वेळ लागला, आणि त्या वेळात ते मला पहिल्यांदा माणसासारखे वाटले. मग त्यांनी मुखपट्टी हनुवटीवरून काढून खिशात घातली आणि विचारलं, कुठे आहेत हे किडे?

मोठ्या माणसांच्या मिरवणुका मी पुष्कळ पाहिल्या आहेत, पण किड्यांना भेटायला निघालेली ही पहिली. केजाबाईंनी तिला झाडांपासून दूर थांबवलं. बूट बाहेर. अत्तराचा वास आला तशी त्यांनी साहेबांना पाण्याकाठी नेऊन हात आणि मान धुवायला लावली. साहेबांनी धुतली. साबण लांजेवारांच्या खिशात होताच. मग साहेब एका फांदीखाली वाकून उभे राहिले, आणि बोटाएवढा एक पोपटी किडा पान कातरत असलेला बघत राहिले. खूप वेळानं म्हणाले, की त्यांच्या आईकडे कोसा रेशमाची एक साडी होती, पण ती येते कुठून हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. फोटो काढायला ते विसरले. बरोबरच्यांनी आठवण केली तेव्हा काढला, पण त्यात किडा नीट आलाय आणि साहेब हललेत.

प्रात्यक्षिक झालं, मंडपामागे, साध्या पाण्यानं. चौघांनी माप कसं घ्यायचं, काठीनं कसं ढवळायचं, रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी टाकीतच कसं ओतायचं आणि डब्याला भोक कसं पाडायचं, हे सगळं इतकं झकास करून दाखवलं, की पाहणाऱ्यांना औषध नसल्याचं जाणवलंसुद्धा नाही. भाषण झालं, ते मात्र पूर्ण लांबीचं झालं.

पाच दिवसांनंतर

मी परतीचं तिकीट पुढे ढकललं. ताईला कारण सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही, फक्त म्हणाली की तू किड्यांसाठी राहिलीस, माझ्यासाठी कधी राहिली नाहीस.

पाच दिवस तो बिल्ला फळ्यावर होता. केजाबाई रात्री घरी जात, बिल्ला तिथेच राही. माणूस बाहेर आणि बिल्ला आत, हे नियमात बसतं का, असं मी लांजेवारांना डिवचलं. त्यांनी या प्रश्नाचा आधीच विचार केलेला होता.

"तिचे किडे होते न आत," ते म्हणाले. "त्याइले कुठं बिल्ला काढता येते?"

सहाव्या सकाळी आम्ही गेलो तेव्हा अर्जुनाच्या फांद्यांवर भुरकट पिवळे कोश लटकत होते, प्रत्येकाला टणक देठ, देठाची फांदीला घट्ट अंगठी. केजाबाई आणि त्यांची सून फांद्यांवरून ते उतरवत होत्या. सून तोंडानं कुरकुरत होती आणि हातानं चपळ होती. तीन टोपल्या भरल्या होत्या, चौथी भरत होती. केजाबाईंनी एक कोश माझ्या तळहातावर ठेवला. सुपारीपेक्षा मोठा, अंड्यापेक्षा कठीण, आणि हलवला तर आत काहीतरी खुळखुळतं. तो घरी न्यायला मिळेल असं मला क्षणभर वाटलं, पण त्यांनी हात पुढे केला आणि परत घेतला.

त्या फाटकाशी गेल्या, बिल्ला काढला, पदरात बांधला. लांजेवारांना म्हणाल्या, "अब छींच ले बबा, तोर दवई." आता मार तुझं औषध.

पण नेताम मॅडम सागातून येत होत्या. पुन्हा वीस झाडं झाली होती. जाळीची पानं होती तितकीच होती, अळ्या मात्र नव्हत्या. बऱ्याचशा पाचोळ्यात उतरून कोशात गेल्या होत्या, उरलेल्यांच्या अंगावर ते कणीएवढे पांढरे ठिपके होते. मान वर करून पाहिलं तर फांद्यांच्या टोकांना नवा, तांबूस फुटवा दिसत होता. मोजणी हद्दीच्या कितीतरी खाली. फवारायला काही नाही, मॅडम म्हणाल्या. रोपवाटिकेचे दोन वाफे तेवढे उद्या करू, ते पलीकडच्या टोकाला आहेत.

चार फवारणीवाल्यांनी पोशाख घालायला सुरुवात केली होती, त्यांनी तो काढला. डब्या परत मागितल्या. लांजेवारांनी आधी हात धुवायला लावले. त्यांनी काही हाताळलेलंच नाही असं ते म्हणाले, तरी धुवायला लावले.

मग लांजेवार केजाबाईंच्या टोपल्यांपाशी गेले आणि गुडघ्यावर हात टेकून कष्टानं खाली बसले. मी जवळच होते, पण ते माझ्यासाठी बोलत नव्हते. केजाबाईंची भाषा त्यांना येते, तरी ते स्वतःच्या मराठीत बोलले. बहुधा असं बोलणं दुसऱ्या भाषेत जमत नसावं.

"तारखेले मी हो म्हटलं," ते म्हणाले. "तुले विचारलं नाही. वारा असाच राहीन म्हटलं मनातल्या मनात. राइस मिलमधला तो माणूस असंच म्हणे."

केजाबाईंना सगळं कळलं असेल असं नाही. त्यांनी टोपलीतला एक कोश उचलून कानाशी हलवला, ठेवला, दुसरा उचलला. मॅडम आपल्या फाइलीत पुढच्या वर्षीचा आराखडा उघडून उभ्या होत्या. तो त्याच दिवशी वर पाठवायचा होता. त्यांनी विचारलं, की मग पुढच्या साली फवारणी करायची वेळ आली तर तारीख कोणती धरायची.

"तारीख ला कीरा मन बताहीं," केजाबाई म्हणाल्या. तारीख किडे सांगतील. "तैं आके पूछ लेबे, बबा." तू येऊन विचारून घे.

लांजेवार म्हणाले, येईन. मॅडमनी पेन्सिलीनं आराखड्याची ओळ भरली: जागा, कीड, औषध, माप, जबाबदार व्यक्ती. जबाबदार व्यक्तीखाली लांजेवारांच्या नावापुढे स्वल्पविराम देऊन त्यांनी केजाबाईंचं पूर्ण नाव विचारून लिहिलं. सरकारी कागद मी आयुष्यभर वाचत आले आहे. रकाना रिकामा राहिला की तिथे निदान आडवी रेघ तरी मारतात. दिनांकाच्या रकान्यात मॅडमनी रेघही मारली नाही. तो कोरा ठेवला, फाइल मिटली, आणि टोपली उचलायला केजाबाईंना हात दिला.